नुसतं खायचं नाही, बस!

...नाही, उपाशी राहायला माझी हरकत नाही हो, माझी हरकत आहे त्या आवाजाला! तुम्हाला सांगतो, पोट रिकामं झालं की त्याने गप्प बसायला पाहिजे की नाही? आत माल नाही, काम नाही, पड ना बाबा निवांत! पण नाही, ते बोलायला लागतं. आणि माझा धंदा काय? लोकांचे कान तपासणं! एवढीशी बंद खोली, भिंतींना जाड स्पंज, श्वास घेतला तरी आपलाच आपल्याला ऐकू यावा अशी शांतता. त्यात मी आणि पेशंट गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. त्याच्या कानाला हेडफोन, हातात बटण. मी यंत्रातून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. आणि मध्येच माझं पोट... घुर्रर्र!

हे सुरू कुणी केलं? डॉक्टरांनी. म्हणाले, "साखर काठावर आहे." काठावर! तेव्हापासून मी पलंगाच्या मधोमध झोपतो. "घाबरू नका हो, सोपं आहे. रात्री लवकर जेवा, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. मध्ये पाणी, बिनदुधाची कॉफी. यात काही करायचंच नाहीये. नुसतं खायचं नाही, बस!" मी उठलो, दारापर्यंत गेलो, मागून म्हणतात, "आणि हळूहळू हं! आधी फक्त नाश्ता तासभर पुढे ढकला." ते हळूहळू माझ्या डोक्यात शिरलंच नाही... कान तपासणारा माणूस! दुसऱ्या दिवसापासून थेट दुपारपर्यंत कडकडीत.

आधी डोकं दुखलं. मग हात थरथरले. मग चिडचिड, इतकी की मी लिफ्टशी भांडलो! मग वाटलं, आता आपलं काही खरं नाही, आणि बायकोला विम्याचे कागद कुठे असतात ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "अहो, पाणी प्या." हिचं सगळ्यावर एकच, पाणी प्या! प्यालो. तर पोटातून घुर्रर्र होतंच, त्याच्या जोडीला डुबुक पण यायला लागलं! नुसतं खायचं नाही म्हणे!

आणि अशात बायकोने सासऱ्यांना माझ्याकडे तपासायला आणलं. सासरे राहतात आमच्याकडेच, आणि त्यांना ऐकू येत नाही हे ते स्वतः सोडून सगळ्या गल्लीला माहीत. परवा एक ट्रक मागे येतोय, पीं पीं करतोय, लोक बोंबलतायत, आणि हे त्याच्या मागे उभे राहून शांतपणे चष्मा पुसतायत! भाजीवाल्याने ओढलं म्हणून... जाऊ दे. ते आठवलं की अजून माझ्या पोटात गोळा येतो, आणि हल्ली पोटात तेवढंच येतं.

"कानाला मशीन लावणार नाही! मला सगळं स्वच्छ ऐकू येतं!" शेवटी तह झाला. तपासणीत ऐकणं कमी निघालं तर मशीन लावायचं, नाही निघालं तर पुन्हा विषय काढायचा नाही. बायकोने मला बाजूला घेतलं. "अहो, माझे बाबा आहेत ते. नीट करा." डोळ्यांत पाणी. आता मला सांगा, अशात चुकून चालेल?

बसवलं. सोडला आवाज, टीं... सासरे ढिम्म. टीं... ढिम्म. मला आनंद झाला, म्हणजे वाईट वाटलं, म्हणजे... तेवढ्यात, घुर्रर्र! खटॅक. बटण! "आला!"

"बाबा, मी काही सोडलंच नाही!" खाणाखुणा करून सांगितलं.

"मग हे कुणी सोडलं, जावईबापू?"

अहो, म्हातारपणी आधी जातात ते बारीक आवाज, खर्जातले टिकतात. आणि माझं पोट अस्सल खर्जात! घुर्रर्र, खटॅक. डुबुक, खटॅक. मध्येच मी आवाज सोडला आणि पोटही बोललं, खटॅक! हे यंत्राचं धरू की पोटाचं? सासरे खूश. "लिहा, लिहा! कान ठणठणीत!" आणि माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रक, हळूहळू मागे येणारा...

धावत बाहेर आलो. बायकोला म्हटलं, "आज जमत नाही, उद्या करू."

"बाबा उद्या येतील?"

नाही येणार.

"मग खा काहीतरी!"

"अगं पण साखर... डॉक्टर..."

"अहो, खा!"

रिसेप्शनवरची मुलगी नेहमी टोस्ट खाते, रोज माझ्या जिवाची घालमेल करत कुरुमकुरुम खाते, तिनेच डबा पुढे केला. उभ्याउभ्या खाल्ले. किती ते विचारू नका.

आत गेलो. पोट गप्प. टीं... ढिम्म. टीं... ढिम्म. सासऱ्यांचा अंगठा बटणावर, नुसता वाट बघतोय. बराच वेळ गेला. मग त्यांनी हेडफोन काढला आणि हळूच विचारलं, "जावईबापू... मगाचचे आवाज का नाही सोडत हो?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि तपासणीचा कागद त्यांच्यापुढे धरला.

लागलं मशीन. आता ट्रक ऐकू येतो, सायकलची घंटी ऐकू येते, बायको निर्धास्त झोपते. डॉक्टरांनी माझी खरडपट्टी काढली, "हळूहळू म्हटलं होतं ना?" म्हणून आता नाश्ता फक्त तासभर पुढे. पण तो तास! काल सकाळी बायको अंघोळीला गेलेली. मी अनवाणी स्वयंपाकघरात. बिस्किटांचा डबा छातीशी धरला, श्वास रोखला, नखाने झाकण उचललं, इतकंसं... टक्.

बाहेरच्या खोलीतून आवाज, "जावईबापू, अजून वेळ आहे हो!"

मशीन मीच निवडलेलं. बारीकातलं बारीक ऐकू यावं म्हणून मीच लावून दिलेलं... मुकाट्याने झाकण बसवलं आणि पाणी प्यालो.

तेही त्यांनी ऐकलं.