बावणे सरांचं काय चुकलं

मंडळी, नमस्कार. सरांच्या या शोकसभेत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, समोर बसल्या आहेत म्हणून बोलायला उभी राहिले. रडले तर सर रागावतील, हसले तर तुम्ही. मी आपली सरांचंच ऐकते.

मी पोलीस निरीक्षक. परदेशी शांतिसेनेत जाणाऱ्या आम्हा पोलिसांना बावणे सर शिकवायचे. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे खापा गावचे. स्वतः शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून आफ्रिकेत राहून आलेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपली फजिती सांगितली. "दोन फौजांच्या मधल्या पुलावर मी दिवसभर दुर्बीण लावून बसलो. एक शिपाई हलला नाही. अन् तिकडे बाजारात मोबाईलवर अफवा आली, का शांतिसेनेनं विहिरीत विष टाकलं! सारं गाव आमच्यावरच धावून आलं ना बाप्पा! अन् मी कुठं पाहून राहिलो होतो? पुलाकडे!"

ती चूक त्यांनी स्वतः लिहून मुख्यालयाला कळवली. हळूहळू शांतिसेनेच्या चौक्यांवर, बाजारात बसून लोकांचं बोलणं ऐकणारी माणसं आली, बायका आल्या. आता ड्रोन आहेत, खोटे व्हिडिओ आहेत. नियमपुस्तक बदलायला वर्षं लागतात. धोका थांबतो का हो तोवर?

म्हणून सरांची अट होती. तिथे पोहोचलं की पत्र लिहायचं : सर, तुमचं हे चुकलं. पत्र आलं की सर आपल्या शिकवण्याच्या वहीतलं ते पान खोडायचे आणि वर्गात संत्रा बर्फी वाटायचे. स्वतःच्या चुकीची बर्फी!

मला तर त्यांनी नापास केलं होतं. का? सगळी उत्तरं त्यांच्याच वहीतली, तोंडपाठ. म्हणाले, "माझं सगळंच बरोबर कसं वं? तू बी पुलाकडेच पाहून राहिली का?" पुढच्या परीक्षेत मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. पास झाले!

परवा माझं विमान आहे. सर गेल्याचं कळलं तेव्हा आईला म्हटलं, नाही जात. चुका आता कोणाला कळवू? आई खूशच झाली. पण काल काकूंनी ती वही हातात दिली. अर्ध्याहून जास्त पानं खोडलेली. म्हणाल्या, "तू जाय. पत्र मले पाठव. पान मी खोडीन."

काकू, मी जाते आहे.

मंडळी, दोन मिनिटं शांत उभे राहू या. सरांनी तुम्हाला काय शिकवलं ते आठवा. आणि त्यात त्यांचं काय चुकलं, तेही आठवा. त्यांना फार आवडेल.

सर, जय हिंद!