पडून राहा म्हणणाऱ्यांसाठी

आदरणीय अध्यक्ष परशुरामभाऊ, व्यासपीठावरील मान्यवर, आज जिला निरोप द्यायचा ती आपल्या ज्येष्ठ नागरिक केंद्राची फिजिओथेरपिस्ट नबीला, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

निरोपाच्या दिवशी गोड बोलावं, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं. आज जमेलसं वाटत नाही.

माझी थोरली बहीण उमा गेल्या वर्षी मागच्या दारी घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं. तिला लवकर उठवा, असं डॉक्टरांनी बजावलंही होतं. पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांना आवरणार कोण? प्रत्येकाच्या हातात शहाळं आणि तोंडी एकच वाक्य, "उठू नका हो, पडून राहा." लांज्याची मावसबहीण तर तिला कुशीवरही वळू देईना. लहानपणी माझंही दप्तर पाठीवर घेऊन ताई मला शाळेची चढण चढवायची. त्या पायांच्या अगदी काटक्या झाल्या. हे प्रेम होतं, मान्य. पण प्रेमाने इतकं नुकसान करावं?

मग नबीला घरी आली. ताईला म्हणाली, "स्नायूंच्या धाग्यांना चिकटून मूलपेशी असतात, झोपलेल्या. स्नायूला काम पडलं की त्या जाग्या होतात, वाढतात, डागडुजी करतात. काही पुढच्या वेळेसाठी पुन्हा झोपतात. तुम्ही पडूनच राहिलात तर त्यांना हाक कोण मारणार? त्यातून वय झालं की त्यांना हाक उशिरा पोचते."

"माझ्यासारखंच," ताई म्हणाली.

"म्हणून तर पुन्हा पुन्हा मारायची. उठा."

"तू पोरगी आहेस की फौजदार?"

तेवढ्यात आपले आजचे अध्यक्षच शहाळं घेऊन हजर. भाऊ, हसू नका. तुम्ही म्हणालात, "कशाला छळतेस गो तिला? आम्ही आहोत ना!"

नबीला म्हणाली, "काका, तुम्ही आहात म्हणूनच त्या उठत नाहीत. शहाळं पडवीत ठेवा. त्या तिथे येऊन पितील."

आणि ताई रडत, करवादत पडवीपर्यंत गेली.

आता नबीला नवऱ्याकडे मस्कतला चालली आहे. तिने सुखाने जावं. माझा राग तिच्यावर नाही. तिच्या जागी कुणाला नेमायचं सोडून, केंद्राची व्यायामाची खोली मांडवाच्या खुर्च्या ठेवायला द्यायचं घाटतंय, त्यावर आहे. ताईच्या पायांत आत्ता कुठे जीव आलाय. या वयात थोडे दिवस पडून राहिलं तरी कमावलेलं जातं. परत मिळवायला काय लागतं, ते तिलाच विचारा. भाऊ, खोलीचा निर्णय अजून झालेला नाही, आणि तो तुमच्याच हातात आहे.

नबीलाला शाल ताई देणार आहे. ती पहिल्या रांगेत बसली आहे, आणि व्यासपीठाला पायऱ्या आहेत. वेळ लागेल, तुमचा चहा निवेल. त्याबद्दल आणि माझं काही लागलं असेल तर त्याबद्दलही, मोठ्या मनाने क्षमा करा. शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार.

ताई, ये.

कुणीही तिला हात देऊ नये. भाऊ, तुम्हीसुद्धा खाली बसा.