पित्त गेलं, रेघ राहिली

अहो, खाज म्हणजे काय ते मला नका सांगू! माझ्या पाठीला विचारा! तुम्हाला सांगते, तीन दिवस मी शिवलं कमी आणि खाजवलं जास्त, तेही माप घ्यायच्या लाकडी पट्टीने, कारण हात पोचतो तिथे खाज कधी सुटते का हो?... मी शिंपीण, शाळेच्या बँडचे बावीस कोट मशीनवर, त्यात दाढ ठणकायला लागली, म्हणून यांच्या खणातली एक गोळी घेतली. दाढ गप्प बसली आणि तासाभरात कोपरापाशी पहिली गांधी उठली! लाल, फुगीर, वाकड्यातिकड्या कडांची... डास म्हणावा, तर एवढा डास दारातून आत मावेल कसा? बघता बघता दंड, पोट, मांड्या... अंगभर पित्त! धावत यांच्याकडे गेले, तर हे आंघोळीला. बाहेर येईपर्यंत हात कोरा करकरीत!

"कुठंय?"

"आत्ता होतं हो!"

"कोटांचा कंटाळा आलाय तुला."

दाखवायला जावं, तर गायब!

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाढ, पुन्हा गोळी, पुन्हा पित्त. नणंद म्हणाली, "वहिनी, कढत कढत पाण्याने आंघोळ करा, पळून जाईल." केली. पळालं कुठलं, होतं त्याच्या दुप्पट झालं! मग एक गिऱ्हाईक बाई आल्या, मान हलवून म्हणाल्या, "ताण आहे हो हा, ताण! बरं, माझा झगा झाला का?" आता बाई, ताण देतंय कोण?... शेवटी मी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला आणि एकेका गांधीभोवती रेघ मारली. म्हटलं, आता पळ, कुठे पळतेस! संध्याकाळी हे आले, हात बघितला आणि म्हणतात कसे, "बाही कापायचीय का?" कारण रेघांच्या आत काहीच नाही! नवीन गांधी उठली ती मानेमागे, माझी मलाच न दिसणारी, आणि यांना दाखवायला मान वळवावी, तर तीही गायब!

तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली आणि थोड्या वेळाने आरशात बघते, तर खालचा ओठ उशीएवढा! यांना हाक मारली. हे आले, बघितलं... आणि हसले नाहीत. पंधरा वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा विनोद न करता उभा! "श्वास येतोय ना नीट? बोल, काहीतरी बोल!" मला 'बोल' म्हणायची वेळ यांच्यावर आजवर आली नव्हती! शर्ट उलटा घालून मला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जीभ पाहिली, घसा पाहिला, छाती तपासली, इंजेक्शन दिलं, दोन-तीन तास तिथेच झोपवून ठेवलं. ओठ उतरायला लागला, तसा मी हात पुढे केला... नुसत्या निळ्या रेघा! मला रडूच आलं. "डॉक्टर, खरंच होतं हो, या खडूच्या रेघांच्या आत!"

त्या हसल्या. "अहो, हीच तर ओळख! डाग न ठेवता काही तासांत जागा बदलतं, ते पित्त. तुमच्या खडूने माझं काम सोपं केलं." मी यांच्याकडे अस्सं बघितलं म्हणता!... "नवीन काही खाल्लंत? साबण? औषध?"

"छे हो, काही नाही. दाढेची गोळी तेवढी."

"किती वेळा?"

"तीनदा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ती गोळी कायमची बंद! तिचं नाव चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा, दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा. ही पित्ताची गोळी रोज एक, थंड पाण्याच्या पट्ट्या, कढत पाणी नाही, खाजवणं नाही. आणि पुन्हा ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, तर पट्ट्या लावत बसू नका, ताबडतोब इथे या. आणि हो, सैल सुती कपडे घाला."

सैल! घरी येऊन कपाट उघडलं, तर सगळं अंगाला आवळणारं. माझ्यासाठी आणलेलं मऊ सुती कापड वर्षभर गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगाखाली, कापून तयार, शिवायचंच राहिलेलं! तोवर यांचा शर्ट घालून मशीनपाशी बसले आणि स्वतःलाच विचारलं, "बाई, माझा झगा कधी मिळेल?" तुम्हाला सांगते, तोंडातून सवयीने निघून गेलं...

"परवा या!"