हापूसच्या पेंढ्यातली बियर

आणि वर लोक मलाच विचारतात, तुमचा बदरुद्दीन कुवेतात दारूच्या धंद्यात होता म्हणे? अहो, दारूच्या नव्हे हो, पोचवण्याच्या! तुम्हाला सांगतो, रत्नागिरीचा माणूस, पाच वेळचा नमाजी, बाटलीला हात लावायचा तोसुद्धा फडकं गुंडाळून. जन्मात थेंब नाही चाखला!

एकसष्ट सालचा जुलै. इराकनं कुवेतवर डोळा ठेवला म्हणून गोऱ्यांची पलटण वाळवंटात येऊन पडलेली, ऊन असं की पिंपावर भाकरी भाजावी, आणि साहेबाला हवी बियर. बोटीवरून उतरवून ती छावणीत पोचवायची कुणी? बदरुद्दीननं! पहिल्याच खेपेला ट्रक असा उडाला की निम्म्या बाटल्या फुटल्या. साहेब लालेलाल. "बडरुडीन! और एक बॉटल टूटा, टुमारा छुट्टी!" आता नोकरी जायची तर जाईल हो, पण रत्नागिरीच्या माणसाला सामान बांधता येत नाही, असं कुणी म्हणावं? ज्याच्या बापजाद्यांचा हापूस बोटीत हेलकावे खात मुंबई गाठतो आणि सालीला डाग नसतो... त्याला?

हा उठला तो कुवेत शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यातली सगळी कोकणी घरं पालथी घातली. गावाहून आलेल्या आंब्याच्या पेट्या आपल्यात टाकतं का हो कुणी? पेंढ्यासकट जपलेल्या! त्याची बायको फखरुन्निसा, तिनंही पेंढा दिला, पण बजावून. "कशाला हवाय ता नका सांगू. पन त्याचा वास घरात आला तर याद राखा!"

"अगे, थेंब नाय चाखणार!"

मग काय विचारता! खाली पेंढ्याची गादी, मध्ये बाटली, वर पेंढ्याचं पांघरूण... बाळंतिणीची नसेल एवढी बडदास्त. ट्रक उडतोय, ड्रायव्हर मजीद कण्हतोय, "बदरूभाय, थोडा पेंढा मेरे नीचे भी डालो!" आणि छावणीत पेट्या उघडल्या तर... एक नाही फुटली! एकसुद्धा! साहेबानं टोपी काढली हो, आमच्या पेंढ्यापुढे गोऱ्या साहेबानं टोपी काढली! बदरुद्दीनची छाती काय फुगली म्हणता, सांगताना माझीच फुगतेय.

फक्त एक राहिलंच. आंबा पेंढ्यात ठेवतात कशाला? पिकायला! पेंढा ऊब धरतो ना! बाटल्या झाल्या होत्या आंघोळीच्या पाण्यासारख्या गरम, त्यात रस्ताभर घुसळलेल्या. सोल्जरांनी खुशीत याला खांद्यावर घेतलं, चारी बाजूंनी बुचं उडवली, आणि फेसाचं जे कारंजं उडालं... टोपीवर, दाढीत, सदऱ्यात! पण तोंड गच्च मिटलेलं. तुम्हाला सांगतो, थेंब नाही चाखला!

संध्याकाळी घर गाठलं. फखरुन्निसानं दारातच नाकाला पदर लावला. "चाखलाव!"

"थेंब नाय चाखला गे!"

"मग न्हालाव कशात?" आणि धाडकन दार बंद.

कुराणाची शपथ झाली, आईची झाली, दार काही उघडेना. शेवटी बिचारा पायरीवर बसला आणि बंद दाराला म्हणाला, "बरा, नको घेव घरात. पन एक बाटली फुटली नाय, येवडा तरी आयक!"