सरांच्या नावाचं लॉगिन

— नाही, हॅक-बिक काही नाही हो. बसा तुम्ही. ती नको, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या. सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आली म्हणून कंपनीने पाठवलं, ठीक आहे, तुमचं कामच ते — पण सरांचं लॉगिन कोण कशाला चोरेल? चोरून मिळणार काय, तर पोरांचे इतिहासाचे निबंध. सर म्हणजे आमचे हे. एकाच शाळेत आम्ही, मी खालच्या वर्गांना गणित शिकवते, ते वरच्या वर्गांना इतिहास. आत्ता तासावर आहेत. शिकवायला आजही वाघ — अडतं ते तुमच्या सॉफ्टवेअरपाशी. पूर्वी तपासलेला गठ्ठा डावीकडे, राहिलेला उजवीकडे, आंधळ्यालाही कळावं. आता पोरं घरून पाठवतात आणि सगळं एकाच यादीत. कुणीही गोंधळेल. मीसुद्धा गोंधळते. म्हणजे — मी नाही गोंधळत, खोटं कशाला बोलू.

सांगते, पण हे वर कळवू नका. झालं काय, एका मुलीचा निबंध यांनी वाचला, छान शेरा लिहिला, शेवट अजून नीट कर म्हणाले आणि परत पाठवला. तिने केला. दुसऱ्या दिवशी यांनी तोच निबंध पहिल्यांदाच वाचतोय असा वाचला. पुन्हा तोच शेरा, पुन्हा परत. पोरगी गरीब गाय, लिहीतच राहिली. शेवटी रडवेली होऊन माझ्याकडे आली — बाई, सरांना नक्की काय हवंय? काय सांगणार मी? म्हटलं, जा, मी बघते. तेव्हापासून बघतेच आहे. हे आंघोळीला गेले, की त्यांच्या लॉगिनमध्ये शिरायचं, राहिलेले निबंध तपासायचे, शेरा त्यांच्या धाटणीचा लिहायचा. गणिताची बाई मी, या वयात इतिहास घोकला. यांना वाटतं, आपणच तपासलेत. वाटतच असणार, कधी विचारलं नाही त्यांनी. निवृत्तीला थोडे महिने उरलेत, तेवढे निभले की झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्या बाईंना कळलं तर उद्याच घरी बसवतील, आणि हा माणूस असा घरी बसला ना, की खचलाच.

तक्रार त्या मुलीची असेल तर मी बोलते तिच्याशी. तिची नाही? आईची? मग मोठ्या बाईंची का? अहो, नुसती मान काय हलवताय, दाखवा ना इकडे. मी काही खात नाही तुमच्या लॅपटॉपला.

हे तर — हे यांनीच पाठवलंय.

थांबा, वाचू द्या. ‘माझ्या नावाने निबंध तपासले जात आहेत. मी ते तपासल्याचं मला आठवत नाही. दुसरं कोणी तपासतंय, की मीच तपासून विसरतोय, हे कृपया पाहून कळवावं. विसरत असेन तर मला मुलांसमोर उभं राहण्याचा हक्क नाही. माझ्या पत्नीला यातलं काही कळू देऊ नये, तिला सहन होणार नाही.’

म्हणून मघापासून तोंडाला कुलूप तुमच्या.

काय कळवणार तुम्ही? माझं नाव घातलंत, तर मी हे का केलं ते त्यांना लगेच समजेल. मशीनची चूक म्हणून लिहा — लिहाल? एक ओळ तर आहे. नाही, नको. माणूस इतकं सरळ विचारतोय आणि त्याला अजून एक खोटं? एका घरात राहतो हो आम्ही, एका बशीत बिस्किटं बुडवतो, आणि यांनी विचारलं कुणाला, तर तुमच्या कंपनीला. मला विचारायला काय झालं होतं? पण मी तरी कुठे विचारलं त्यांना. तेच तर.

काही कळवू नका तुम्ही. आज घरी गेल्यावर मीच सांगते. कसं सांगायचं ते माहीत नाही, पण सांगते. बंद करा ते आणि उठा आता, तास संपत आलाय. ते इकडेच येतील, त्याआधी मला तोंड धुवायचंय.