लालासाहेबाच्या मोटारीचा डायनुमा

...आन् वर त्यो माणूस म्हणतोय, गाडीला काई झालं न्हाई! आता तुमीच सांगा, इष्टार्टर दाबला की नुसतं 'टक' करून गप पडायची ती मोटार, जशी म्हातारीनं कूस बदलावी... तरी बी काई झालं न्हाई? आवं, आमच्या कोरेगावचा लालासाहेब, लढाईत ट्रक हाकलेला गडी, हवालदार हून परत आला आन् कुणा सरदाराची मोडीत निघाल्याली मोटार घिऊन बसला! रोज फडक्यानं पुसायचा तिला. बायकूचं डोळं मातर कवा पुसलं न्हाईत, तुमास्नी सांगतो!

बायकू म्हंजी बनुबाई. म्हसवडची लेक. सकाळच्या पारी भाकऱ्या थापत हुती, तर म्हायेरचा माणूस दारात. म्हणला, "आई चालली, आक्का. तुजंच नाव घेतीया." बनुबाईनं पिठाचं हात पदराला पुसलं आन् निघाली की सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्याकडं! तर ह्यो आडवा. "दारात मोटार आसताना माजी बायकू भाड्याच्या गाडीत? लोकं तोंडात शेण घालतील!"

झालं. निघाली सवारी. पुसेगावापातुर बरं हुतं, पुढं भोंग्यानं रंग दावला. सकाळी 'भोंऽऽ' करणारा भोंगा 'बेंऽ' करायला लागला, शेरडाच्या पिल्लागत!

"आवं, भोंग्याचा घसा बसलाय," बनुबाई म्हणली.

"गप बस."

"आन् त्यो समूरचा काटा बगा की... मगाधरनं डाव्या अंगाला पडलाय, उठंचना."

"उनानं हुतं तसं काट्याला! गाडीला काई झालं न्हाई!"

मग विंजानला ठसका लागला, क्षयरोग्यागत खोकतंय, थांबतंय, परत खोकतंय, आन् मदीच फाट्दिशी असा बार उडाला की वाटंवरच्या कोंबड्या झाडावर! चढाला गाडी जागच्या जागी मेली. ह्यानं विंजानावरचं टोपान उघाडलं, तर आतलं ठिणगी पाडायचं पॉइंट जळून काळं ठिक्कर! बसला काड्याच्या पेटीवर घासत. तिकडं म्हायेरी आईचा जीव घशात, आन् हिकडं बनुबाई नऊवारीचा काचा मारून मोटार ढकलतीया, आन् ह्यो आत बसून, "जोर लाव की! भाकरी खातीस का न्हाईस?"

तेवढ्यात मागनं म्हसवडचीच सर्व्हिस मोटार आली हो! डायवर भला माणूस, उतरला, वाकून बघितलं. "दादा, डायनुमा ग्येला तुमचा. ब्याटरीत भर पडंना, नुसतं खाणं चाललंय. बाईस्नी माज्या गाडीत बसवा, घटकंत पोचवतो."

बनुबाईनं पायरीवर पाय ठिवला बी. तर ह्यो वरडला, "पाय खाली! त्या पायरीवनं ग्येलीस तर माजा उंबरा परत चढायचा न्हाई!"

काय करंल बिचारी? घेतला पाय खाली. सर्व्हिस मोटार ग्येली धुरळा उडवत. आन् ह्यो धुरळ्याकडं बघून म्हणतोय, "लय शाना! गाडीला काई झालं न्हाई!"

दुपार कलल्यावर धनगर भेटलं, त्येंनी उताराला ढकलली तवा कुठं चालू झाली. आता लालासाहेबाचा नवाच कायदा. "जोरात पळाली तरच जरा भर पडतीया. हळू केली की मेली! आता थांबायचं न्हाई!"

आन् न्हाईच थांबला, तुमास्नी सांगतो! म्हसवडात सासूच्या दारावनं गाडी तशीच पुढं. "उतर!"

"आवं, थांबवा की!"

"थांबली की संपली! उडी मार!"

मारली उडी. गुडघं फुटलं, हातातल्या बांगड्या फुटल्या... दारातल्या बायका आदीच रडत हुत्या, त्यातली एक बघून म्हणती कशी, "आगं बया, हिचा मालक बी ग्येला व्हय?"

आन् मालक तर देवळाला फेऱ्या मारतोय, भोंगा दाबत, बेंऽ... बेंऽ!

धाकटा भाऊ नाथाजी वल्या आंगानं उभा हुता. "आक्का, आत्ताच नदीवनं आलो गं. सर्व्हिस मोटार आली तवा आईनं डोळं उघाडलं. म्हणली, 'बनी उतरली का रं?' आमी बघितलं... कुणीच उतरलं न्हाई."

बनुबाई रडली न्हाई. खाली बसली आन् मातीत पडल्याल्या काचा येचत ऱ्हायली.

तेवढ्यात गाडी पेंगत पेंगत आली आन् दारासमूरच मेली. लालासाहेब उतरला. समदी माणसं मर्तिकाची, डोक्याला टावेल गुंडाळल्याली, आन् ह्यो म्हणतोय, "गाडीला काई झालं न्हाई मंडळी, जरा धक्का तेवढा..."

नाथाजी म्हणला, "दाजी, आत्ताच येक पोचवून आलोय. खांदं दुखत्यात."

बनुबाईनं मान वर केली. "लाकडं उरल्याती का रं नाथा? आसली तर हिला बी घाला."

दिवस मावळायच्या आत कुणीतरी बैलं जुपली मोटारीला. बनुबाई काई संगट ग्येली न्हाई. लालासाहेब येकलाच चढला, टोपी नीट केली, चक्कर धरलं आन् भोंगा दाबाय हात घातला, तर बैलवाला मागं वळून म्हणतोय,

"हवालदार, त्येला हात लावू नगा. बैलं बुजत्यात. तुमी आपलं मागं बसा."

बसला हो... मागं जाऊन.