पाचव्या आणि सहाव्या चौकटीतला नान

नाव : सादोकत एर्गाशेवा. वय : ५२ वर्षे. व्यवसाय : दुकानांसाठी मोबाइलवर सरकवत पाहायच्या चित्रमालिका बनवणे, पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत असे. राहणार : तंदूर गल्ली, वठलेल्या तुतीसमोर, कोकंद.

मी वरील ठिकाणची रहिवासी असून आज ठाण्यात माझ्या पायांनी आले आहे, मला कोणी आणलेले नाही, हे सर्वांत आधी लिहून घ्यावे. कॅप्टन इकबोल मामातोव यांनी विचारले म्हणून समक्ष सांगते की,

आमच्या गल्लीत नान भाजणाऱ्यांची दहा दुकाने आहेत. नवरोजच्या जत्रेसाठी गल्लीच्या ज्येष्ठांनी मला जाहिरातीचे काम दिले. दहा दुकानांची दहा सुटी चित्रे करून देणे सोपे होते. मी ते नाकारले. सुटी चित्रे लोक दोन पाहतात आणि पुढे जातात. शिवाय गल्ली ही दहा दुकानांची बेरीज नसते, ती एक वस्तू असते, हे माझे मत आहे आणि ते मी कोणत्याही सभेत मांडायला तयार आहे. कॅप्टन म्हणाले, "ओपा, सभा नको, घटना सांगा." ओपा म्हणजे ताई; ते शाळेत माझ्या वर्गात शिकायला होते. तेव्हाही त्यांना घाईच असे.

घटना अशी की, मी एकच लांबलचक दस्तरखान काढला. पहिल्या दुकानापासून दहाव्या दुकानापर्यंत एकच कापड अंथरलेले, त्यावर प्रत्येकाचे नान, किटल्या, बेदाण्यांच्या वाट्या. मग त्या पट्ट्याचे दहा सारखे तुकडे केले. तुकडा पाडताना चेहरा कापायचा नाही. पण कडेला काहीतरी अर्धे राहिलेच पाहिजे. किटलीची तोटी एका चौकटीत आणि धार पुढच्या चौकटीत, म्हणजे पाहणाऱ्याचा अंगठा आपोआप पुढे सरकतो. दोन चौकटींच्या मधली रेघ दिसली तर काम फुकट. सावल्या एकाच बाजूला पडाव्यात म्हणून सर्व फोटो मी सकाळच्या उन्हातच घेतले.

पाचवे दुकान तोलिब-अका यांचे आणि सहावे नेमात-अका यांचे; अका म्हणजे दादा, मानाने म्हणतात. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद गेले तेव्हा त्यांचा चेकिच, म्हणजे नानच्या मध्यावर चांदण्यांची नक्षी टोचायचा सुयांचा शिक्का, तोलिब-अकांकडे गेला. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. दोन्ही दुकानांमध्ये नेमात-अकांनी बांधलेली विटांची भिंत आहे. माझी पाचवी चौकट जिथे संपते तिथेच ती येत होती. भिंतीवरून दस्तरखान जात नाही. म्हणून मी भिंतीच्या जागी नान ठेवला. अर्धा तोलिब-अकांच्या नानचा, अर्धा नेमात-अकांच्या नानचा. दोन चौकटी मिळून एक पूर्ण नान.

आमच्याकडे सोयरीक ठरली की दोन्ही घरची वडीलधारी मंडळी नान मोडतात, हे मला माहीत आहे. मी याच शहरात जन्मले आहे. पण माझ्या डोक्यात त्या वेळी भिंत होती, सोयरीक नव्हती. गल्लीच्या डोक्यात मात्र भलतेच आले. पोस्ट टाकल्यावर संध्याकाळच्या आतच तोलिब-अकांच्या घरी बायका हलव्याची ताटे घेऊन हजर झाल्या. पाचव्या घरी दुरदोना ही लग्नाची मुलगी, सहाव्या घरी जासुर हा लग्नाचा मुलगा, आणि मध्ये एकच नान. आणखी काय पाहिजे? दुरदोनाला पाहायला येत्या रविवारी मार्गिलानची मंडळी येणार होती. त्यांनी फोनवर कळवले, "तुमच्याकडे नान मोडून झालाय म्हणे. कळवायचं तरी!"

त्यावरून तोलिब-अकांनी आज तक्रार दिली की, मी चित्रात खोटेपणा करून त्यांच्या मुलीची बदनामी केली; मी जाहीर माफी मागावी आणि माझा संगणक जप्त व्हावा. संगणक गेला तर माझे पोट गेले. तरीही माफी मागण्यास मी नकार दिला. बदनामी झाली की नाही, हे ज्या मुलीचे नाव आहे तिला आजवर एकाही पुरुषाने विचारलेले नाही. कागदावर तो शब्द चढवणाऱ्यांनी आधी तिला विचारावे. कॅप्टन म्हणाले, "हे भाषण झालं." मी म्हणाले, "लिहा."

नेमात-अकांनाही ठाण्यात बोलावले होते. त्यांच्याकडे बोट दाखवून, खोटेपणाचा पुरावा म्हणून तोलिब-अका म्हणाले, "उस्तादांची नक्षी जगात एकाच चेकिचला येते आणि तो माझ्याकडे आहे. याच्या नानचा अर्धा माझ्या अर्ध्याला जुळेलच कसा? हिनं संगणकावर चांदण्या काढल्यात!"

मी सांगितले की मी एकही चांदणी काढलेली नाही. दोन अर्धे शेजारी ठेवले, ते जुळले. ते का जुळले, हा विचार माझ्या कामात येत नाही.

नेमात-अका म्हणाले, "त्याच्या नक्षीला माझी चूलसुद्धा विचारत नाही."

शेवटी कॅप्टननी दोन्ही दुकानांतून एकेक ताजा नान मागवला. तोलिब-अकांचा नान दुरदोना घेऊन आली, नेमात-अकांचा जासुर. दोघे दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. कॅप्टननी टेबलाच्या खणातून सुरी काढली.

"नानला सुरी?" दोन्ही अका एका सुरात ओरडले. नानला सुरी लावणे आमच्याकडे पाप मानतात, तो हातानेच मोडायचा. गेल्या अकरा वर्षांत ते एकत्र बोललेले हे पहिले वाक्य.

मग टेबलाच्या एका बाजूला तोलिब-अकांनी आपला नान हाताने मोडला, दुसऱ्या बाजूला नेमात-अकांनी आपला. कॅप्टननी एकाचा अर्धा दुसऱ्याच्या अर्ध्याला लावला. तुटलेली कड वेडीवाकडी होती. चांदण्या मात्र सरळ पलीकडे गेल्या.

तोलिब-अका म्हणाले, "चोरलास?"

नेमात-अका म्हणाले, "मला काय ठाऊक! टोचायचं काम पोराकडे असतं." असे म्हणून त्यांनी जासुरकडे पाहिले. जासुर फरशीकडे पाहत होता.

दुरदोना म्हणाली, "बाबा, तुमचा चेकिच घरीच आहे. त्यांच्याकडचा हा दुसरा मी केला. तुमच्यावरून, सुई सुई मोजून."

"कशासाठी?"

"टोचणं नीट पडायचं नाही, त्यांचे नान मध्यावर फुगायचे," ती म्हणाली. "बघवत नव्हतं."

मी तिला विचारले, "मार्गिलानला जायचंय का तुला?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं, ओपा," ती म्हणाली. "नाही."

बकरी हरवल्याची तक्रार द्यायला आलेली एक आजी मघापासून बाकावर बसून होती. तिला आमच्यातले कोणी ओळखत नव्हते. तिने दोन बाप पाहिले, मोडलेले दोन नान पाहिले, दाराशी मुलगा-मुलगी पाहिली, आणि हात वर करून म्हणाली, "जोडा सुखी राहो, घर भरलेलं राहो. ओमिन!"

दुआ संपताना ओमिन ऐकले की आमचे हात आपोआप चेहऱ्यावरून फिरतात. माझे फिरले. कॅप्टनचे फिरले. नेमात-अकांचे फिरले. तोलिब-अकांचे हात हनुवटीपर्यंत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले.

"अहो, मी नुसतं तपासत होतो!" ते म्हणाले.

"सगळे बाप आधी तपासतातच, बाळा," आजी म्हणाली. "माझी बकरी लिहून घेणार का कुणी?"

तोलिब-अकांनी टेबलाकडे पाहिले. मुलीकडे पाहिले नाही. मग नेमात-अकांच्या नानचा एक तुकडा उचलून तोंडात घातला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"उस्ताद एवढंच घालायचे," नेमात-अका म्हणाले.

तोलिब-अकांनी तो घास सावकाश चावला. "हो," ते म्हणाले. "एवढंच." आणि दुसरा तुकडा मोडून त्यांनी जासुरपुढे धरला.

तक्रार कायम ठेवायची का, असे कॅप्टननी विचारले. त्यावर तोलिब-अकांनी मला सांगितले की पोस्ट काढू नये, मार्गिलानच्या मंडळींना पाहू द्यावी. कॅप्टननी हे उत्तर म्हणून नोंदवून घेतले.

पुराव्यादाखल जप्त करायचे दोन नान आता ठाण्यात शिल्लक नाहीत. आजीला दोन तुकडे गेले. मला मिळाला त्यावर अर्धी चांदणी होती. उरलेली अर्धी कोणाकडे गेली, हे मला सांगता येणार नाही.

हे सर्व कॅप्टन मामातोव यांनी माझ्यासमोर मोठ्याने वाचले. तीन ठिकाणी त्यांनी भाषण म्हणून माझे शब्द गाळले आहेत, तेवढे सोडून बाकी जसे सांगितले तसेच उतरले आहे आणि खरे आहे. सही करताना बोटांना नानचे तीळ चिकटलेले होते, म्हणून कागदावर डाग पडला आहे. तो माझाच आहे.

सही : सादोकत एर्गाशेवा